रेल्वेपूल प्रतिकृती, ठोकळ्यांची

एकमेकांत अडकणाऱ्या, खेळातील प्लॅस्टिक ठोकळ्यांपासून उभारलेली व खेळातील आगगाडीचा भार प्रत्यक्ष वाहून नेणारी रेल्वेपुलाची लहान मापातील रचना. काचेच्या कपाटात ठेवण्याच्या शोभेच्या प्रतिरूपाहून ही प्रतिकृती निराळी होय. शोभेचे प्रतिरूप केवळ दिसण्यात मूळ पुलासारखे असले म्हणजे पुरते. ठोकळ्यांच्या पुलास मात्र स्वतःचे वजन, चालत्या गाडीचे हादरे व तापमानातील फरक हे सर्व सोसावे लागते. त्यामुळे खऱ्या पुलाच्या अभियंत्यापुढील बरेचसे प्रश्न लहान रूपात तिच्या रचनाकारापुढेही उभे राहतात. हे प्रश्न मुळाबरहुकूम लहान होत नाहीत, काही फार सौम्य होतात तर काही उलट तीव्र होतात, आणि या विषयाचे खरे महत्त्व त्यातच आहे.

इतिहास : पूल बांधण्यापूर्वी त्याची लहान प्रतिकृती करून ती तपासण्याची पद्धत रेल्वेच्या आरंभकाळापासून आढळते. वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवरील ब्रिटानिया पुलासाठी (१८५०) विल्यम फेअरबेर्न यांनी एकषष्ठांश मापाची, सु. २३ मी. गाळ्याची लोखंडी पेटीतुळई तयार करून ती मोडेपर्यंत भार दिला, दुरुस्त केली व पुन्हा मोडली. पातळ पत्र्याची तुळई खालच्या बाजूस तुटण्याआधी वरच्या बाजूस सुरकुतते, हे अशा प्रयोगांतून कळले. स्कॉटलंडमधील फोर्थ पुलाचे (१८९०) तत्त्व सांगताना बेंजामिन बेकर यांनी तर माणसांचीच प्रतिकृती केली. खुर्च्यांवर बसलेल्या दोन माणसांनी पसरलेले हात व काठ्या यांच्या आधारावर मधोमध काइची वातानाबे हे जपानी अभियंते बसले आणि हातांतील ताण व काठ्यांतील दाब प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसला.

खेळाच्या क्षेत्रात फ्रँक हॉर्नबी यांनी इंग्लंडमध्ये १९०१ साली भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या संचाचे एकस्व घेतले. पुढे ‘मेकॅनो’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या या संचातील भोके अर्ध्या इंचाच्या (१२·७ मिमी.) अंतरावर असून भारतातील अनेक घरांत मुलांनी बांधलेला पहिला पूल मेकॅनोचाच असे. एकमेकांत बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे हिलरी फिशर पेज यांनी इंग्लंडमध्ये बाजारात आणले. डेन्मार्कमधील बिलुंड येथील लेगो या कंपनीने १९४९ पासून तसे ठोकळे बनविण्यास प्रारंभ केला व २८ जानेवारी १९५८ रोजी आजच्या रचनेच्या एकस्वासाठी अर्ज केला. वरच्या बाजूस गोल उंचवटे व आतल्या बाजूस पोकळ नळ्या ही ती रचना होय. नळ्यांमुळे ठोकळ्याची पकड एकदम सुधारली व उंच बांधकाम शक्य झाले. सेल्युलोज ॲसिटेटऐवजी ॲक्रिलोनायट्राइल-ब्यूटाडाइन-स्टायरीन (एबीएस) हे प्लॅस्टिक १९६३ पासून वापरात आले. १९६६ मध्ये आगगाडीचा संच निघाला आणि १९७७ मध्ये भोके असलेल्या लांब पट्ट्या व खुंट्या यांचे तांत्रिक संच निघाले. पुलाच्या दृष्टीने ही शेवटची भर सर्वांत मोलाची ठरली. २०१६ साली लंडनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल एंजिनिअर्स या संस्थेत ठोकळ्यांचा सु. ३१ मी. लांबीचा झुलता पूल उभारण्यात आला होता.

महाराष्ट्रात प्रतिकृती-रेल्वेचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे पुण्याच्या कोथरूड भागातील भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय (१९९८) होय. नागपूरच्या मोतीबाग येथील अरुंदमापी रेल्वे संग्रहालयात (२००२) मात्र मूळ एंजिने व साहित्यच पहावयास मिळते. विदर्भातील पूल-प्रतिकृतिकाराने आधी तेथे जाऊन खऱ्या वस्तूंची मापे डोळ्यांत भरून घ्यावीत, हे उत्तम.

मूळ पूल व मापप्रमाण : चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील (गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला) रेल्वेमार्ग प्रतिकृतीसाठी दोन चांगले नमुने पुरवितात. पहिला, बल्लारपूरच्या दक्षिणेस वर्धा नदी ओलांडून माणिकगडकडे जाणाऱ्या रुंदमापी मार्गावरील पूल. बल्लारशा-काझीपेठ हा जोड १९२९ मध्ये पुरा झाला व दिल्ली-मद्रास हा सरळ लोहमार्ग त्यामुळे अस्तित्वात आला. दुसरा, वडसा (देसाईगंज) व ब्रह्मपुरी यांच्यामधील वैनगंगेवरचा. या पुलाचे एक टोक गडचिरोली जिल्ह्यात व दुसरे चंद्रपूर जिल्ह्यात आहे. गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट हा मार्ग विसाव्या शतकाच्या प्रारंभी बेंगॉल-नागपूर रेल्वेने अरुंदमापी म्हणून घातला व त्या शतकाच्या अखेरीस तो रुंदमापी झाला. त्याची नागभीडहून नागपूरकडे जाणारी शाखा २०१९ पर्यंत अरुंदमापीच होती व त्या साली रुंदीकरणासाठी बंद करण्यात आली. वनांनी व्यापलेल्या गडचिरोली जिल्ह्यात वडसा हेच दीर्घकाळ एकमेव रेल्वेस्थानक होते, यावरून त्या एका पुलाचे महत्त्व ध्यानात यावे.

प्रतिकृतीचे मापप्रमाण रचनाकाराच्या इच्छेवर नसून रुळांवर ठरते. या ठोकळ्यांच्या आगगाडीच्या दोन रुळांमधील अंतर ३७·५ मिमी. असते. भारतीय रुंदमापी मार्गावर ते १,६७६ मिमी. असल्याने प्रमाण सु. १ : ४५ (अधिक अचूकपणे १ : ४४·७) येते. तोच रूळ ७६२ मिमी.च्या अरुंदमापी मार्गाचा मानला तर प्रमाण १ : २० होते व पूल सव्वादोन पटींनी मोठा करावा लागतो. ठोकळ्यांचे मूलमाप ८ मिमी. आहे, म्हणजे शेजारच्या दोन उंचवट्यांच्या मध्यांतील अंतर तेवढे असते. ठोकळ्याची उंची ९·६ मिमी. असून चपट्या पट्टीची त्याच्या एकतृतीयांश, म्हणजे ३·२ मिमी. असते. सरळ रुळाचा एक तुकडा १६ उंचवट्यांएवढा, म्हणजे १२·८ सेंमी. लांब असतो.

भारतीय रेल्वेच्या कैचीच्या तुळयांच्या प्रमाणित गाळ्यांत ३०·५, ४५·७, ६१ व ७६·२ मी. ही मापे येतात. यांपैकी ४५·७ मी.चा गाळा १ : ४४·७ या प्रमाणात १०२ सेंमी. भरतो, म्हणजे जवळजवळ काटेकोरपणे १२८ उंचवटे किंवा रुळाचे आठ तुकडे. असा मेळ क्वचितच बसतो, यास्तव पहिल्या प्रयत्नासाठी हाच गाळा निवडणे शहाणपणाचे ठरते. नदीचे पात्र सु. ५०० मी. रुंद धरल्यास असे ११ गाळे लागतात. प्रतिकृतीची लांबी ११·२६ मी. होते व रुळांचे ८८ तुकडे खर्ची पडतात. पात्रापासून रुळापर्यंतची उंची १५ मी. धरली तर खांब सु. ३४ सेंमी., म्हणजे ठोकळ्यांचे ३५ थर उंच होतो. खांबाचा पाया ८ × १६ उंचवट्यांचा, भिंत दोन उंचवटे जाड व आतून पोकळ ठेवल्यास एका थरात आठ उंचवट्यांचे दहा ठोकळे बसतात. अशा रीतीने एका खांबास ३५० व मधल्या दहा खांबांस ३,५०० ठोकळे लागतात. टोकांचे दोन आधार व कैच्या यांची गणती वेगळी. पंधरा-सोळा फुटी खोलीत एवढा पूल मावत नाही. शाळेचे सभागृह वा लांब ओसरी असेल तरच हे काम हाती घ्यावे.

डब्याची रुंदी मात्र मापप्रमाणाशी नीट जुळत नाही. भारतीय रुंदमापी डबा सु. ३·२५ मी. रुंद असतो व प्रतिकृतीत तो नऊ उंचवट्यांएवढा होतो. विषम संख्येवर सममित बांधकाम करणे अडचणीचे असल्याने बहुतेक जण आठ उंचवट्यांची गाडी करतात व डबा किंचित अरुंद दिसतो. वळणांच्या बाबतीत विसंगती याहून पुष्कळ मोठी आहे. संचातील वक्र रुळाची त्रिज्या ३२ सेंमी., म्हणजे मूळ मापात सु. १४ मी. होते. खऱ्या रुंदमापी मार्गावरील अत्यंत तीव्र वळणाचीही त्रिज्या १७५ मी.च्या आसपास असते. त्यामुळे पूल सरळ ठेवून वळणे टोकांच्या पलीकडे, शक्यतो प्रेक्षकांच्या नजरेआड करावीत. चढाचेही तसेच आहे. ३४ सेंमी. उंची १ : १०० या सौम्य चढाने गाठावयाची तर ३४ मी. लांबीचा चढमार्ग लागेल. म्हणून जाणकार रूळ उंच नेत नाहीत. ते रूळ मेजाच्या पातळीवर ठेवून नदीचे पात्रच दोन मेजांच्या मध्ये खाली उतरवितात.

बलविचार : प्रतिकृती भार सोसते, यावरून तशाच आकाराचा मोठा पूलही सोसेल, असा समज सहज होतो व तो चुकीचा आहे. गॅलिलीओ यांनी १६३८ मध्येच त्याचे कारण सांगितले होते. लांबी ४४·७ पटींनी कमी केली, की छेदाचे क्षेत्रफळ त्या संख्येच्या वर्गाने (सु. २,००० पटींनी), तर घनफळ व म्हणून वजन तिच्या घनाने (सु. ९०,००० पटींनी) कमी होते. साहित्य तेच असेल तर स्वतःच्या वजनामुळे प्रतिकृतीत निर्माण होणारे प्रतिबल मूळ पुलातील प्रतिबलाच्या पंचेचाळिसाव्या हिश्श्याएवढेच असते. मुंगी स्वतःहून मोठा दाणा उचलते व हत्तीला ते जमत नाही, यामागे हेच गणित आहे. डब्ल्यूडीएम-२ या जातीच्या डीझेल एंजिनाचे ११२·८ टन वजन प्रतिकृतीत अवघे सव्वा किलोग्रॅम होते व ठोकळ्यांचे चांगले एंजिनही साधारण तेवढेच भरते.

लवचिकतेच्या बाबतीत मात्र उलट घडते. एबीएस प्लॅस्टिकची ताठरता पोलादाच्या सु. नव्वदाव्या हिश्श्याएवढीच असते. लहान आकारामुळे मिळणारा पंचेचाळीस पटींचा लाभ वजा केला, तरी मापाप्रमाणे घेतलेल्या भाराखाली अखंड प्लॅस्टिकची तुळई गाळ्याच्या तुलनेत खऱ्या तुळईच्या सु. दुप्पट वाकते. ठोकळ्यांची तुळई अखंड नसून तिच्यात शेकडो सांधे असल्यामुळे ती त्याहूनही अधिक वाकते. पूल मोडण्याच्या कितीतरी आधी तो झोल देऊ लागतो व रुळांचे सांधे उघडून गाडी घसरते. थोडक्यात, येथे बळकटीपेक्षा ताठरतेची चिंता अधिक करावी लागते.

ठोकळ्याची दाब सोसण्याची शक्ती आश्चर्यकारक आहे. ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीत २०१२ साली केलेल्या चाचणीत दोन बाय दोन उंचवट्यांचा, जेमतेम १·१५ ग्रॅम वजनाचा ठोकळा सु. ४३० किग्रॅ. भाराखाली चेपला गेला. या हिशोबाने एकावर एक ३,७५,००० ठोकळे, म्हणजे सु. ३·५ किमी. उंचीचा मनोरा रचला, तरच सर्वांत खालचा ठोकळा चेपेल. प्रत्यक्षात असा मनोरा त्याआधीच आडवा होईल, हे सांगणे न लगे. यावरून खांब दाबाने चेपण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. ठोकळ्यांचा दुबळेपणा ताणात आहे. उंचवट्याची पकड केवळ घर्षणाची असते व लहान मूलही बोटांनी ती सोडवू शकते.

तुळई वाकते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला व खालचा ताणला जातो. ठोकळे नुसते टोकास टोक लावून ठेवल्यास खालचे सांधे तत्काळ उघडतात. यास्तव गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसे प्रत्येक थरातील सांधे खालच्या थरातील ठोकळ्याच्या मध्यावर आणतात. तेवढ्याने ताण उंचवट्यांवरील कर्तनात रूपांतरित होतो व ते कर्तन उंचवटे पुष्कळ सोसतात. तळाशी व माथ्यावर लांब चपट्या पट्ट्यांचे दोन-तीन थर आणि मध्ये उभी भिंत, अशी रचना केल्यास तुळई बरीच ताठ होते. मीटरभर गाळ्यासाठी मात्र एवढे पुरत नाही व कैचीच करावी लागते.

कैची भोके असलेल्या पट्ट्यांची करतात. खुंटीने जोडलेला सांधा ताणात सुटत नाही, कारण खुंटीवर आडवे कर्तन येते. त्रिकोण हा एकमेव बहुकोन असा आहे, की ज्याच्या बाजू कायम असताना त्याचा आकार बदलत नाही. चौकोन मात्र तिरका होतो. काटकोनी मांडणीत तिरपी पट्टी भोकांशी जुळण्यासाठी ३ : ४ : ५ हे जुने प्रमाण उपयोगी पडते. येथे भोके न मोजता त्यांमधील अंतरे मोजावी लागतात. तीन अंतरांस चार भोके लागतात, या साध्या गोष्टीत नवशिके हमखास चुकतात व मग पट्टी जबरदस्तीने वाकवून बसवितात. अशी वाकवलेली पट्टी आरंभीच ताणलेली असल्यामुळे भार येण्यापूर्वीच तिची शक्ती खर्ची पडलेली असते.

कमानीत सर्वत्र दाबच असल्याने ती ठोकळ्यांस स्वभावतः अनुकूल वाटते. परंतु कमान टोकांना बाहेर ढकलते. खऱ्या पुलात हे आडवे बल खडक वा भरभक्कम अंत्याधार झेलतो. मेजावर तो नसतो, त्यामुळे दोन टोके तळाशी एका ताणपट्टीने बांधावी लागतात. या दोन जिल्ह्यांत मुबलक असलेल्या बांबूच्या कामट्या याला उत्तम होत. बांबूचे तंतू लांबीच्या दिशेने ताण फार चांगला सोसतात, म्हणजे ठोकळ्यांत जे नाही ते नेमके बांबूत आहे. चंद्रपूरनजीक चिचपल्ली येथे २०१४ मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आहे. केवळ ठोकळेच वापरावेत असा आग्रह धरणाऱ्या शौकिनांना असे मिश्रण रुचत नाही. पण प्रत्येक साहित्य त्याच्या गुणाच्या जागी वापरणे हीच तर पूल-अभियांत्रिकीची रीत आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी (१९४५) व पुढे कोसबाड येथे परिसरातील वस्तूंमधून बालशिक्षणाची साधने घडविली, ती दृष्टीही याच्याशी मिळतीजुळती आहे. आयात ठोकळ्यांची किंमत पाहता ग्रामीण शाळेस कामट्या, खुंट्या व थोडेसे ठोकळे एवढ्यावरच भागवावे लागते व त्यात शिकण्याच्या दृष्टीने काही उणे पडत नाही.

तापमान : चंद्रपूर हे देशातील अत्यंत उष्ण शहरांपैकी एक असून उन्हाळ्यात तेथील तापमान ४५° से.च्या वर जाते. पोलादाचे प्रसरण दर अंश से.ला दशलक्षात सु. १२ भाग असते, तर एबीएसचे सु. ९०. हिवाळ्यातील पहाट व मे महिन्यातील दुपार यांत ३५° से.चा फरक धरला, तर ११·२६ मी. लांबीची प्रतिकृती सु. ३·५ सेंमी.ने वाढते, म्हणजे चार उंचवट्यांहूनही अधिक. तेवढ्याच फरकाने खऱ्या पुलाचा ४५·७ मी.चा पोलादी गाळा २ सेंमी.हून कमी वाढतो, तरीही त्याचे एक टोक पक्के व दुसरे रुळांवर किंवा सरकत्या बैठकीवर ठेवलेले असते. प्रतिकृतीत ही खबरदारी कित्येकदा घेतली जात नाही. सर्व अकरा गाळे एकसंध जोडून दोन्ही टोके घट्ट केलेला पूल थंडीत सुरेख दिसतो व उन्हाळ्यात मधोमध बाजूला फुगतो. यास्तव प्रत्येक गाळा स्वतंत्र ठेवून त्याचे एक टोक खांबास पक्के बसवावे व दुसरे गुळगुळीत, उंचवटे नसलेल्या पट्टीवर नुसते टेकू द्यावे. सतत भाराखाली प्लॅस्टिक हळूहळू कायमचे वाकते (विसर्पण) आणि उष्णतेत हे अधिक वेगाने घडते. म्हणून गाडी पुलावर उभी करून ठेवू नये.

पाणी व पाया : प्रतिकृतीत सहसा वगळला जाणारा भाग म्हणजे जमिनीखालचा. वाळूच्या पात्रातील भारतीय रेल्वेपुलांचे खांब पुष्कळदा विहिरींच्या पायावर उभे असतात. पोकळ विहीर वरून बांधीत जाऊन आतील वाळू उपसली, की ती स्वतःच्या वजनाने खाली उतरते. पुरात खांबाभोवती भोवरे निर्माण होऊन पायथ्याची वाळू वाहून जाते. नदीवरील पूल कोसळण्याच्या प्रमुख कारणांपैकी हे एक असून वरून धडधाकट दिसणारा पूल या कारणाने अचानक जातो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी रस्तापूल पुरात कोसळला व दोन एस. टी. बसगाड्यांसह इतर वाहने वाहून गेली, त्यातून पुराचे सामर्थ्य व जुन्या पुलांच्या तपासणीची निकड महाराष्ट्रास कळून चुकली. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ पर्लकोटा नदीवरील जुना ठेंगणा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन पलीकडील गावांचा संपर्क तुटत असे. पुलाची उंची व गाळे पाण्याच्या मानाने ठरवावे लागतात, हे तेथील रहिवाशांस कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक आहे.

पाण्याच्या प्रश्नांसाठी केलेल्या प्रतिकृतींचे शास्त्र वेगळे आहे. पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) नद्या, धरणे व पूल यांच्या प्रतिकृती करून प्रवाहाचा अभ्यास केला जातो. अशा प्रतिकृतीत वेग लांबीच्या प्रमाणात कमी न करता तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी करतात. १ : ४५ मापाला वेग सु. ६·७ पटींनी कमी ठेवावा लागतो. वाळूचे कण मात्र त्या प्रमाणात लहान करता येत नाहीत, कारण फार बारीक कण एकमेकांस चिकटू लागतात. परातीत वाळू व पाणी घेऊन मुलांनी ठोकळ्यांच्या खांबाभोवती केलेला प्रयोग खड्डा कोठे पडतो हे बरोबर दाखवितो. तो किती खोल पडेल हे त्यावरून सांगता येत नाही.

उभारणी व जतन : प्रथम खांब उभारून त्यांचे माथे पाण्याच्या पातळीने किंवा ताणलेल्या दोरीने एका रेषेत आणतात, मग मेजावर तयार केलेले गाळे एकेक करून चढवितात. गाडीचा वेगही मापाप्रमाणे ठेवल्यास पाहणाऱ्यास पूल मोठा भासतो. ताशी ६० किमी. हा वेग प्रतिकृतीत सेकंदास सु. ३७ सेंमी. होतो व पूल ओलांडण्यास खऱ्याप्रमाणेच अर्धे मिनिट लागते. खेळातील गाड्या बहुधा याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने पळविल्या जातात व त्यामुळे हादरे वाढतात. पहिली चाचणी रिकाम्या डब्यांनी घेऊन प्रत्येक गाळ्याचा मध्यबिंदू किती खाली येतो, ते पट्टीने मोजून लिहून ठेवावे. पुढील महिन्यांत तोच आकडा वाढू लागला, तर खुंट्या सैल झाल्या किंवा पट्ट्या कायमच्या वाकल्या असे समजावे. पूल हलवावयाचा झाल्यास खांब अखंड ठेवून फक्त गाळे उतरवितात व त्यांवर क्रमांक घालतात. वरकरणी सारखे दिसणारे गाळेही आपापल्या खांबांशी जुळलेले असतात. पांढरे व निळे ठोकळे उन्हात ठेवल्यास पिवळट पडतात.